बोल्ट उघडण्याइतका वेळ

आजच्या विषयाचा परिणाम असा दिसतो की सभागृह भरलं आहे आणि पुढच्या दोन रांगा रिकाम्या आहेत. (हशा) घाबरू नका, मी हात हलवत आलो आहे. पत्रिकेत विषय छापला आहे, ‘प्रशिक्षण आणि छंदासाठी पॉइंट टू टू अर्धस्वयंचलित रायफल : एक मूल्यमापन’. मूल्यमापन म्हटलं की दोन्ही बाजू मांडून निकाल श्रोत्यांवर सोपवायचा, अशी रीत आहे. मी ती पाळणार नाही. माझं मत ठरलेलं आहे आणि ते आधीच सांगून टाकतो : नेमबाजी शिकायची असेल तर एका वेळी एकच गोळी भरायची, बोल्टची रायफल घ्यावी, आणि नुसती हौस म्हणून करायची असेल तरीही बहुधा तीच घ्यावी. १८७८चा शस्त्र कायदा, त्याविरुद्ध काँग्रेसने केलेले ठराव, स्वातंत्र्यानंतरचा १९५९चा कायदा, हे पुण्यातल्या श्रोत्यांना वक्त्यापेक्षा जास्त पाठ असतं, म्हणून ते सोडून देतो. कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, पुण्यातली रेल्वेची नोकरी, खाशाबा जाधवांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राला मिळालेलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, हेही तुम्ही वर्तमानपत्रांत वाचलेलंच आहे.

आधी यंत्र समजून घेऊ. अर्धस्वयंचलित रायफलीत चाप एकदा दाबला की एक गोळी सुटते, रिकामी पुंगळी आपोआप बाहेर फेकली जाते आणि मॅगझिनमधली पुढची गोळी आपोआप आत बसते. हात काही करत नाही. पॉइंट टू टूमध्ये ही करामत अगदी साधी असते : बोल्टला, म्हणजे बॅरलचं मागचं तोंड बंद करणाऱ्या दांड्याला, कुलूप नसतंच, मागे फक्त त्याचं स्वतःचं वजन आणि एक स्प्रिंग. पुंगळी मागे ढकलते, बोल्ट मागे जातो, स्प्रिंग त्याला पुढे आणते. अमेरिकेत १९६४ साली आलेली रुगर कंपनीची दहा गोळ्यांची रायफल याच तत्त्वावर चालते आणि तिथे कितीतरी पोरांच्या हातातली ती पहिली बंदूक असते. आपल्याकडे हा प्रश्न कायद्याने बराचसा निकालात काढला आहे. १९६२च्या शस्त्र नियमांत आणि त्यांच्या जागी आलेल्या २०१६च्या नियमांतही, पिस्तुलांसारखे अपवाद सोडले तर, अर्धस्वयंचलित बंदुका साध्या परवान्यावर मिळणाऱ्या वर्गात नाहीत. मग जी मिळतच नाही तिची चर्चा कशाला, असं तिसऱ्या रांगेतले गृहस्थ मनात म्हणत आहेत. त्याचं कारण, कायद्याने नाही म्हटलं एवढ्यावर आपण थांबलो तर तिच्याबद्दलचा हेवा शिल्लक राहतो. डॅलसहून मुलगा व्हिडिओ पाठवतो, नातू धडाधड दहा डबे पाडतो, आणि इथे बालेवाडीच्या रेंजवर तासाभरात मोजक्याच गोळ्या झाडणाऱ्या मुलीच्या आईबापांना वाटतं, आपण मागे पडलो. हा समज मला खोडायचा आहे.

त्यासाठी गोळीकडे जरा जवळून पाहावं लागेल. पॉइंट टू टूची गोळी करंगळीच्या नखाच्या रुंदीपेक्षाही बारीक. शिसं सुमारे अडीच ग्रॅम. तिच्या बुडाला जी किंचित बाहेर आलेली कड असते, ती आतून पोकळ असते आणि पेट घेणारा मसाला त्या पोकळ कडेत असतो. कारखान्यात तो ओला असताना पुंगळी गरगर फिरवून तो कडेत सगळीकडे पसरवतात. रायफलीची पिन कडेवर आपटते, कड चेपते, मसाला पेटतो. आता तो एका बाजूला जरा कमी पसरला असेल तर? वेग बदलतो. गणित करून पाहू. गोळीचा वेग सेकंदाला ३२५ मीटर धरला तर ५० मीटरवर पोचेपर्यंत ती गुरुत्वाकर्षणाने साधारण साडेबारा सेंटिमीटर खाली आलेली असते. वेगात सेकंदाला फक्त १० मीटरचा फरक पडला की ही घसरण सात-आठ मिलिमीटरने बदलते. आणि ५० मीटरच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ आहे १०.४ मिलिमीटर व्यासाचं! म्हणजे नेमबाजाने काहीही न चुकता त्याचा दहा नऊ होऊ शकतो. म्हणूनच मोठे नेमबाज आपली रायफल घेऊन बर्मिंगहॅमला एली कंपनीच्या चाचणी-रेंजवर जातात, बॅरल शिकंज्यात अडकवतात, आणि एकाच छापाच्या गोळ्यांच्या वेगवेगळ्या लॉटमधून आपल्या बॅरलला मानवणारा लॉट निवडतात. एका बॅरलला जो लॉट आवडतो तो शेजारच्या तसल्याच बॅरलला आवडेलच असं नाही. लग्नं जमवणाऱ्या मंडळींनी इकडे लक्ष द्यावं. (हशा) अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. गोळीवर मी ठरवल्यापेक्षा जास्त बोललो, पण हा पाया होता.

या पायावर अर्धस्वयंचलित रायफल उभी करून पाहा. ती चालायला गोळीत बोल्ट मागे ढकलण्याइतका जोर हवा; सामन्यासाठीच्या मंद, आवाजापेक्षा कमी वेगाच्या गोळ्यांवर काही रायफली अडखळतात. पुंगळी सहज आत-बाहेर व्हावी म्हणून चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, थोडं सैल ठेवतात. सामन्याच्या रायफलीत ते घट्ट असतं, म्हणजे गोळी बॅरलच्या मध्याशी नीट जुळून बसते. शिशावरचं मेण आणि जळका मसाला बोल्टवर साचतो, मग पुंगळी अर्धवट अडकते. चांगली निगा राखली तर यातलं बरंच टळतं, आणि काही अर्धस्वयंचलित रायफली ५० मीटरवर सुरेख ग्रुप देतात, म्हणजे भोकं अगदी जवळजवळ पाडतात, हे मी मान्य करतो. अचूकपणा हा माझा मुख्य आक्षेप नाहीच. मुख्य आक्षेप आहे तो गोळी सुटल्यानंतरच्या क्षणाबद्दल.

नेमबाजीत शिकणं घडतं ते तिथे. चाप सुटला त्या क्षणी पुढची साइट कुठे होती, हे लक्ष्याकडे न बघता सांगायचं. रेंजवर याला ‘कॉल करणे’ म्हणतात. सुटल्यावरही गाल, खांदा, श्वास जागच्या जागी ठेवायचे, ते फॉलो-थ्रू. मग बोल्ट उघडायचा, पुंगळी काढायची, नवी गोळी बोटांनी ठेवायची, बोल्ट बंद करायचा. पंधरा-वीस सेकंद जातात. या सेकंदांत मनात तपासणी होते : मी, घड्याळाच्या तबकडीप्रमाणे, दोन वाजता सुटली म्हणालो, स्क्रीनवर ठिपका चार वाजता का आला? चाप ओढला की गेल्या गोळीपेक्षा वारा बदलला? अर्धस्वयंचलित रायफल ही सवड मागत नाही. नवशिक्याला ती सांगते, पुढची तयार आहे. आणि नवशिक्या पुढचीच झाडतो. दहा गोळ्यांनंतर लक्ष्यावर दहा भोकं असतात. कोणती भोकं कोणत्या चुकीने पडली ते कुणालाच सांगता येत नाही. कोरडा सराव, म्हणजे गोळीविना चाप दाबण्याचा सराव, हाही इथे वेगळा होतो. बोल्टच्या रायफलीवर कोरड्या सरावात हात जे करतात तेच गोळीबारातही करतात. अर्धस्वयंचलितवर कोरड्या सरावात दर वेळी बोल्ट हाताने ओढावा लागतो आणि गोळीबारात नाही. दोन सवयी तयार होतात.

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ३१ जुलै आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी काय घडलं ते या नजरेने बघा. प्राथमिक फेरीत कुसाळेने ६० गोळ्यांत ५९० गुण केले, सातवा आला. अंतिम फेरीत ४४ गोळ्यांत ४५१.४, सरासरी काढली तर दर गोळीला १०.२६. या ४४ गोळ्यांपैकी प्रत्येक त्याने हाताने भरली, कारण ५० मीटर रायफलीत आंतरराष्ट्रीय नियमच तसा आहे. २०१० साली म्युनिकला तेजस्विनी सावंतने पोटावर झोपून ६०० पैकी ५९७ करून विश्वविजेतेपद आणलं, तेही एकेक भरूनच.

आता चिठ्ठ्या यायला लागल्या आहेत, त्यांतली पहिली धारदार आहे. ‘राही सरनोबतचं २०१८च्या आशियाई स्पर्धेतलं सुवर्ण अर्धस्वयंचलित पिस्तुलावरचं आहे. त्याचं काय?’ लिहिणारा कोल्हापूरचा असावा, अक्षरात तो जोर आहे. (हशा) प्रश्न रास्त आहे. पंचवीस मीटर पिस्तुलाचा दुसरा टप्पा आठवा : लक्ष्य तीन सेकंद खुलं होतं, एक गोळी, मग सात सेकंद बंद, आणि त्या वेळात हात खाली उतरवावाच लागतो. यंत्राने जी सवड काढून घेतली ती नियमाने परत दिली आहे. लंडनला २०१२ साली विजय कुमारने ज्यात रौप्य मिळवलं त्या रॅपिड फायरमध्ये मात्र चार सेकंदांत पाच गोळ्या झाडाव्या लागतात. तिथे माझा मुद्दा पुरा पडत नाही, कारण तिथे वेग हाच खेळ आहे. पण तो पिस्तुलाचा खेळ, आणि त्यात उतरणारी माणसं आधी एकेक गोळीवरच घडलेली असतात. रायफलीत वेगाचा खेळ हवाच असेल तर बायथलॉन घ्या. बर्फावर स्की करत यायचं, धापा टाकत पाच लक्ष्यं पाडायची, एकेका सेकंदावर पदक ठरतं. १९७८पासून तिथे पॉइंट टू टूच वापरतात, आणि अर्धस्वयंचलितला तिथेही मनाई आहे. बोल्ट लवकर चालावा म्हणून त्यांनी सरळ मागे ओढायची यंत्रणा घडवली. पण ओढायचं काम बोटांकडेच ठेवलं.

दुसरी चिठ्ठी : ‘आम्हाला ऑलिम्पिकला जायचं नाही. रविवारी मजा करायची आहे.’ करा की! डबे पाडण्याची, लोखंडी पाट्या वाजवण्याची मजा अर्धस्वयंचलितवर जास्त येते, यात वाद नाही. ज्याचा एक हात अधू आहे, ज्याला बोल्ट फिरवताना खांदा दुखतो, अशा माणसाला ती खरोखर उपयोगी आहे. डावखुऱ्याला उजव्या बोल्टचा त्रास होतो, तोही वाचतो. पण कागदाच्या लक्ष्यावरच्या हौशीत मजा येते ती आज गेल्या रविवारपेक्षा ग्रुप का लहान झाला हे कळण्यात. शिवाय खिशाचं बघा. आपल्याकडे सामन्याच्या गोळ्या परदेशातून येतात, महाग पडतात, हव्या तेव्हा मिळत नाहीत. पन्नासची डबी बोल्टच्या रायफलीवर एक सकाळ पुरते. दुसरीवर चहा निवायच्या आत संपते.

सुरक्षिततेवर वेगळं व्याख्यान द्यावं लागेल, आणि संयोजक आता उभेच राहिले आहेत, म्हणून एवढंच सांगतो : बोल्टच्या रायफलीत गोळी सुटल्यावर चेंबरमध्ये फक्त पुंगळी असते, आणि बोल्ट उघडा आहे की बंद हे प्रशिक्षकाला दहा पावलांवरून दिसतं. अर्धस्वयंचलितमध्ये मॅगझिन संपेपर्यंत प्रत्येक गोळीनंतर रायफल पुन्हा भरलेली असते. पंधरा-सोळा वर्षांची वीस मुलं एका ओळीत झोपलेली असताना आणि ‘थांबा’ अशी हाक दिली असताना या फरकाला किती किंमत आहे ते एनसीसीच्या कोणत्याही उस्तादाला विचारा.

तर क्लबने रायफल घेताना काय पाहावं? वेळ संपली, भराभर सांगतो. चाप दर वेळी सारख्याच वजनावर सुटतो का. बट आणि गालाची पट्टी मुलाच्या अंगाप्रमाणे मागेपुढे, खालीवर होते का. मोठ्यांची रायफल पोराच्या गळ्यात बांधू नका. मागची साइट एकेका क्लिकला सारखी सरकते का. तीन-चार लॉटच्या गोळ्या घेऊन, रायफल टेकवून, प्रत्येकाचे पाच-पाच गोळ्यांचे निदान चार ग्रुप ५० मीटरवर पाडा. एका सुंदर ग्रुपवर भाळू नका, चारही ग्रुप पाहा. जुनी घेत असाल तर चेंबरच्या तोंडाशी पिन आपटून पडलेला खड्डा आहे का ते टॉर्च लावून बघा, तसा असेल तर पुंगळ्या अडकणार. मॅगझिनची रायफल स्वस्तात मिळाली तर घ्यायला हरकत नाही. मॅगझिन कपाटात ठेवा, एका गोळीचा ट्रे बसवा. तिसरी चिठ्ठी परवाना किती दिवसांत मिळतो अशी आहे. ती मी पोलीस आयुक्तालयाकडे पाठवतो. (हशा)