परदेशी माल, कस्टम्सचे कागद आणि आपली मुले

(नांदेड येथील विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आयातीचे नियम हा विषय पत्रिकेवर वाचून काहींनी मला विचारले, नांदेडला समुद्र नाही, लातूरला बंदर नाही, मग हे कशाला? पण आपल्या आजोबांच्या पिढीला हा विषय नवा नव्हता. निजामाच्या राज्यात या खात्याला करोडगिरी म्हणत. लातूर निजामाकडे, बार्शी इंग्रजांकडे आणि मध्ये हद्द. 1802 सालच्या तहाने मालाच्या किमतीवर शेकडा पाच असा कर ठरला होता. किंमत ठरवायची, कर घ्यायचा, मग माल सोडायचा. आज न्हावा शेवा बंदरात हेच चालते. बैलगाडीच्या जागी कंटेनर आला आणि पावती संगणकावर निघू लागली, एवढेच.

त्या बंदरावर एका कस्टम्स ब्रोकरच्या कार्यालयात मी बरीच वर्षे कारकुनी केली. तेथे लातूरच्या दालमिलवाल्यांचा माल पाहिला. आपल्या भागात तूर पिकते, तरीही म्यानमारची आणि मोझांबिकची तूर लातूरला येते. 2016 साली भारताने मोझांबिकशी तुरीचा करार केला. 2017 च्या ऑगस्टमध्ये आयातीवर मर्यादा घातली, 2021 च्या मे महिन्यात ती पुन्हा खुली केली. मार्च 2023 मध्ये अख्ख्या तुरीवरचे सीमाशुल्क शून्य झाले आणि ही सूट वाढवत मार्च 2026 पर्यंत नेली गेली. अशा एकेका आदेशाने मोंढ्यातला भाव हलतो. ज्याच्या वडिलांनी तीन एकर तूर पेरली आहे, त्याने कस्टम्सचे आदेश वाचलेच पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता शब्दांकडे वळू. आयात करणाऱ्याला आधी आयईसी क्रमांक लागतो. तो विदेश व्यापार महासंचालनालय देते, हल्ली आपला पॅन क्रमांकच त्यासाठी चालतो, फी 500 रुपये. हे सोपे आहे. अवघड आहे सौदा. एफओबी म्हटले की माल परदेशी बंदरात जहाजावर चढेपर्यंतचा खर्च विकणाऱ्याचा. सीआयएफ म्हटले की जहाजाचे भाडे आणि विमाही त्याच्याकडे. परंतु दोन्हींत माल जहाजावर चढला की जोखीम घेणाऱ्याची होते. सीआयएफ आहे, म्हणजे माल घरी येईपर्यंत निश्चिंत, असे समजणारे फसतात. कस्टम्स मूल्य धरते ते भाडे आणि विमा मिळवूनच. समुद्रमार्गे आलेल्या मालाचे भाडे समजतच नसेल तर एफओबी किमतीच्या 20 टक्के आणि विमा समजत नसेल तर 1.125 टक्के धरतात. रुपयाचा दरही बँकेचा चालत नाही, कस्टम्सने जाहीर केलेलाच घ्यावा लागतो. बाबासाहेबांनी 1923 साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. त्या विनिमय दराची झळ अशी थेट बिलात दिसते.

हिशेब करून पाहू. मिलसाठी परदेशातून सॉर्टेक्स मशीन आणले, मूल्य 10,00,000 रुपये. समजा, मूळ सीमाशुल्क साडेसात टक्के, म्हणजे 75,000. त्यावर समाजकल्याण अधिभार 10 टक्के. तो मालावर नाही, शुल्कावर, म्हणून 7,500. आता तिन्हींची बेरीज 10,82,500 आणि त्यावर आयजीएसटी समजा 18 टक्के, म्हणजे 1,94,850. एकूण भरणा 2,77,350 रुपये. नोंदणीकृत व्यापाऱ्याला यातल्या आयजीएसटीचा परतावा पुढच्या करात वळता करून घेता येतो. बाकीचा खर्च अंगावर. मुलांनी घरी वेगळे दर घेऊन हे गणित करावे.

दोन कागद मात्र कधी विसरू नका. बिल ऑफ लेडिंग हा जहाज कंपनीचा कागद, मालाची पावती आणि मालकीचा पुरावा. बिल ऑफ एंट्री आपण कस्टम्सकडे दाखल करतो. जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत ते दाखल करायचे असते. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज 5,000 आणि नंतर रोज 10,000 रुपये. तारखेचे महत्त्व पिवळ्या वाटाण्याने दाखवले. डिसेंबर 2023 पासून त्यावर शुल्क नव्हते, 1 नोव्हेंबर 2025 पासून 30 टक्के आले. पण ज्यांच्या बिल ऑफ लेडिंगवर 31 ऑक्टोबर किंवा आधीची तारीख होती, ते सुटले.

एक मुलगा मला अजून आठवतो. आपल्याच भागातला, आईच्या नावावरचा प्लॉट गहाण ठेवून त्याने तुरीचा पहिला कंटेनर मागवला. साधारण 24 टन माल. शुल्क शून्य, म्हणून खुशीत होता. पण कीडमुक्त मालाचा जो दाखला, फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, निर्यात करणाऱ्या देशाकडून यावा लागतो, तो कुरियरमध्ये अडकला. त्याशिवाय वनस्पती संगरोध खाते माल सोडत नाही. इकडे बंदराच्या यार्डात जागेचे भाडे चढू लागले, तिकडे जहाज कंपनीचे डिटेन्शन. ही दोन भाडी वेगवेगळी असतात, हेही त्याला तेव्हाच कळले. फ्री डेज किती, हे करारात लिहिलेले होते, इंग्रजीत, शेवटच्या पानावर. त्याने ते पान वाचलेच नव्हते. सरकारला एक रुपया शुल्क न देता त्याचा नफा भाड्यात गेला. प्लॉट वाचला, पण तीन वर्षे फेडीत गेली. पुढे त्याने दुसऱ्याच्या मिलमध्ये हिशेबनीस म्हणून नोकरी धरली आणि आता त्या मिलचे सगळे आयातीचे कागद तोच बघतो.

माल मागवायला भांडवल लागते, ते आपल्यापैकी किती जणांकडे आहे ते मला ठाऊक आहे. पण कागद बघायला भांडवल लागत नाही. कस्टम्स ब्रोकरकडे, जहाज कंपन्यांकडे, मिलच्या कार्यालयांत हे काम जाणणारी माणसे लागतात. वाणिज्य शाखेच्या मुलींनी याचा विशेष विचार करावा. बिल ऑफ एंट्री आता घरबसल्या संगणकावरून दाखल होते, धक्क्यावर उभे राहावे लागत नाही.

मी एक जुने बिल ऑफ एंट्री आणि त्याचे बिल ऑफ लेडिंग सोबत आणले आहे, व्यापाऱ्याचे नाव झाकून. चहानंतर मागच्या खोलीत बसू. पेन आणि वही घेऊन यावे.