कानबाईपुढे पाच व्होल्टचा उजेड

श्रावण लागला की आपल्या खानदेशात कानबाईची तयारी सुरू होते. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते, रात्रभर जागरण, सोमवारी विसर्जन. सगळी भाऊबंदकी एका घरात जमते आणि चौरंगाभोवती लायटिंगची हौस होते. आज आम्ही त्या लायटिंगबद्दलच बोलणार आहोत.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे, अमळनेर तालुक्यात, बाजारातली लाईटची माळ केळीच्या खांबांना गुंडाळली होती. वायर एका जागी तुटलेली, वर नुसती चिकटपट्टी. बाहेर पाऊस, खांब ओले. आरतीला उठताना एका वहिनीचा हात तिथे लागला आणि ती मागे फेकली गेली. कानबाईच्या कृपेने वाचली, पण हात कितीतरी दिवस बधिर होता. घरच्या बोर्डातला २३० व्होल्टचा करंट त्या माळेत थेट फिरत होता, हे आम्हाला तेव्हा कळलं.

मग गटाच्या बैठकीत ठरवलं, कानबाईजवळ २३० व्होल्ट न्यायचेच नाहीत. वाट दाखवली ती आमच्यातल्या एकीच्या बारावीतल्या लेकीनं. घरच्या कॉम्प्युटरला पेन ड्राइव्ह लावतो ना, त्या यूएसबीच्या खाचेतून ५ व्होल्ट मिळतात. तेवढ्यावर एलईडी छान पेटतो.

आम्ही पतंगाच्या कागदाचं सहा पाकळ्यांचं कमळ केलं. प्रत्येक पाकळीमागे एक एलईडी. मध्ये अर्डुइनो नावाचा, तळहातात मावणारा बोर्ड. २००५ साली इटलीत विद्यार्थ्यांसाठी तो तयार झाला, आता आपल्याकडेही काही शे रुपयांत मिळतो. त्याच्या ३, ५, ६, ९, १० आणि ११ या सहा पिनांवरून उजेड कमीजास्त करता येतो. एलईडीचा लांब पाय पिनेकडे, आखूड पाय जीएनडी लिहिलेल्या भोकाकडे. मध्ये २२० ओहमचा रेझिस्टर हवाच. तो करंटला आवर घालतो. तो नसेल तर एलईडी जळतो, बोर्डही बिघडू शकतो. एका पिनेवर एकच एलईडी लावा.

उजेड हळूहळू वाढतो कसा? बोर्ड एलईडीला सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतो. डोळ्याला ती उघडझाप दिसत नाही. चालू राहण्याचा वेळ जास्त, तर उजेड जास्त. कॉम्प्युटरवर फक्त आकडा द्यायचा: ० म्हणजे अंधार, २५५ म्हणजे पूर्ण उजेड. पाकळ्यांना एकामागून एक आकडे वाढवत दिले की कमळ उमलल्यासारखं दिसतं.

प्रोग्राम लेकीनं लिहिला, आम्ही शेजारी बसून शिकलो. 'दिवा लाव, थांब, दिवा विझव' असं क्रमानं सांगायचं, स्वयंपाकाच्या कृतीसारखं. कीबोर्डवर १ दाबलं की कमळ हळू उमलतं, २ दाबलं की गाण्याच्या ठेक्यावर लुकलुकतं, ३ दाबलं की स्थिर राहतं. जागरणात आरतीच्या वेळी ३ दाबायचं काम आमच्या सासूबाईंनी मागून घेतलं. "हे पोरांचं काम" म्हणणारे जेठही नंतर खुर्ची ओढून बघत बसले.

आता दोन गोष्टी नीट ऐका. पहिली, कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर घराला अर्थिंग नाही किंवा ते बिघडलंय. तोच करंट यूएसबीच्या केबलमधूनही येऊ शकतो. आधी वायरमनकडून अर्थिंग करून घ्या, मगच केबल जोडा. मेन बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवून घेतला तर उत्तमच. करंट गळायला लागला की तो क्षणात वीज तोडतो.

दुसरी, वीज गेली तर घाबरू नका. प्रोग्राम बोर्डाच्या चिपमध्येच राहतो. केबल कॉम्प्युटरमधून काढून मोबाईलच्या पॉवर बँकेत लावली की कमळ पुन्हा उमलू लागतं. फक्त कळा दाबून बदल करता येत नाही. काही पॉवर बँका इतक्या कमी करंटवर आपोआप बंद पडतात, म्हणून आदल्या दिवशीच लावून बघा. ज्यांच्याकडे अर्थिंगची खात्री नाही त्यांनी प्रोग्राम भरून झाला की ओल्या जागी पॉवर बँकच वापरावी.

कानबाईपुढे आपण रात्र जागवतो ती घरादाराच्या सुखासाठी. मग त्याच रात्री आपली एखादी वहिनी, एखादं लेकरू तुटक्या वायरीजवळ बसलेलं का असावं? या श्रावणात माळ लावण्याआधी तिची वायर बोटाबोटानं तपासा, पण प्लगमधून काढून. चिकटपट्टी दिसली तर ती माळ बाजूला ठेवा. आणि घरात कॉम्प्युटर असेल, शिकणारी लेक असेल, तर तिच्या शेजारी बसा.

बोला, कानबाई माता की जय!