अस्थिसंधानाचा नवा लेप
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तेथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचे, घरांच्या जमिनीखाली पुरलेले सांगाडे तेथे मिळाले. देह मातीस मिळाला, हाड मात्र उरले. कारण हाडाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग कॅल्शियम फॉस्फेट या खनिजाचा असतो. त्याविषयीच आम्ही आज चार शब्द बोलणार आहोत.

निमित्त घरचेच आहे. दौंडास पायरीवरून घसरून आमच्या कुटुंबाचे मनगट मोडले. आम्ही हाडवैद्याच्या भरवशावर तीन आठवडे दवडले आणि हाड वाकडे जुळले. पुढे शस्त्रक्रियेने ते सरळ करताना मध्ये पोकळी राहिली. ती भरण्यास कमरेच्या हाडाचा तुकडा काढावा लागला. मनगट बरे झाले. कंबर मात्र कित्येक महिने दुखत राहिली. दोष आमचाच. इतकी वर्षे मुलांस शास्त्र शिकविले, पण वेळेला ते आम्हांस आठवले नाही!

अशी दुसरी जखम टळावी म्हणून शास्त्रज्ञ फार दिवस झटत आहेत. १९२० साली अमेरिकेत आल्बी यांनी मोडलेल्या हाडात कॅल्शियम फॉस्फेट घालून पाहिले. १९८० नंतरच्या दशकात तेथेच ब्राऊन व चाऊ यांनी त्याचे सिमेंट सिद्ध केले. दोन फॉस्फेटांची पूड पाण्यात कालवली की लेप होतो; तो पोकळीत भरल्यावर अंगच्या उष्णतेतच घट्ट होतो आणि हाडातील खनिजासारखाच बनतो. आपल्या देशात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेनेही असे सिमेंट तयार केले आहे.

परंतु भरीव सिमेंटात नवे हाड शिरणार कसे? पेशी व रक्तवाहिन्या आत जाण्यास एक-दशांश मिलिमीटर किंवा त्याहून मोठी, एकमेकांस जोडलेली छिद्रे लागतात. त्यासाठी लेपात मॅनिटॉलसारख्या साखरेचे खडे मिसळतात. ते विरघळले की त्यांची जागा मोकळी राहते. दुसरी युक्ती आपल्या गृहिणींच्या परिचयाची आहे. ढोकळा जसा सोड्याने फुगतो, तसा सोडा व आम्ल यांच्या वायूने लेपही सच्छिद्र होतो. मात्र छिद्रे वाढली की बळ घटते. म्हणून शरीराचा भार सोसण्याचे काम हे सिमेंट एकटे करू शकत नाही. तेथे धातूची पट्टी लागतेच. छिद्रे आणि बळ यांचा मेळ घालणे हीच या कामातील खरी कसोटी होय.

बंधुभगिनींनो, लेप कितीही उत्तम निघाला तरी गमावलेले दिवस तो परत देत नाही. घरात कोणी पडले, तर त्याच दिवशी क्ष-किरण चित्र काढून घ्या. शस्त्रक्रियेस संमती देण्यापूर्वी पोकळी कशाने भरणार, हे डॉक्टरांस निःसंकोच विचारा. आम्ही विचारले नाही, म्हणून हे सांगण्याचा अधिकार आम्हांस आहे, असे आम्ही समजतो.