खोली आधी, स्पीकर मग, वायर सगळ्यात शेवटी

तुमच्यातले बहुतेक जण हा एपिसोड कानात इअरबड्स घालून ऐकताय, मला माहितीये. पण आजचा विषय आहे कानातलं काढून घरात, हवेत गाणं ऐकण्याचा.

मागच्या आठवड्यात एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. नोकरीला तीन वर्षं झाली, दोन लाख बाजूला पडलेत, बाबा यंदा रिटायर होतायत. त्यांच्याकडे शास्त्रीय गाण्याच्या सीडींचा अख्खा खोका आहे, ऐकायला धड काही नाही. खोली १० बाय १२ची. "दादा, हाय-एंड सिस्टीम घ्यायचीये, अँप कुठला घेऊ?"

मित्रा, अँपचं नंतर बघू. आधी खोलीत जा आणि जोरात एक टाळी वाजव. टाळीमागे 'झिंग' असा लोंबता आवाज आला, तर ती खोली प्रत्येक तानेवर तसाच लेप चढवणार. टाइल्स, उघड्या भिंती, काचेच्या खिडक्या, आपल्या फ्लॅटमध्ये हेच असतं. त्यावर उपाय महाग नाही. खाली जाड सतरंजी, खिडकीला जड पडदा, पुस्तकांनी भरलेलं कपाट. आणि एक युक्ती सांगतो. तू ऐकायच्या जागी बस, कोणालातरी बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवायला सांग. आरशात जिथे स्पीकर दिसेल, तिथूनच आवाज आपटून तुझ्या कानात येतो. तिथे आजीची जाड गोधडी टांग. दिसायला जरा विचित्र दिसेल, पण फरक लगेच कळेल.

आता खर्जाचं गणित. १२ फूट लांबीच्या खोलीत साधारण ४७ हर्ट्झचा आवाज घुमतो. त्याचा दाब भिंतीपाशी सगळ्यात जास्त, आणि बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य. म्हणजे खुर्ची खोलीच्या मधोमध ठेवलीस तर तेवढा खर्ज गायब, आणि भिंतीला टेकवलीस तर नुसता गडगडाट. मागच्या भिंतीपासून तीन-चार फूट पुढे बसून बघ. एक पैसाही न घालता सिस्टीम बदलल्यासारखी वाटेल.

हे झालं की मग स्पीकर. माझ्या मते निम्मं बजेट इथे जावं, कारण प्रत्येक मॉडेलचा आवाज खरंच वेगळा असतो. लहान खोलीत माणसाच्या कमरेएवढे टॉवर नकोत, खर्ज कोंडतो. चांगले बुकशेल्फ स्पीकर घे, पण नाव बुकशेल्फ आहे म्हणून कपाटात कोंबू नकोस. स्टँडवर ठेव, ट्वीटर कानाच्या उंचीला, आणि दोन स्पीकर व तू मिळून समभुज त्रिकोण.

अँप आता येतो. स्पीकरच्या माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटी बघ. एक स्पीकर ९० डेसिबलचा, दुसरा ८४चा. फरक फक्त ६चा वाटतो, पण दर ३ डेसिबलला पॉवर दुप्पट लागते. म्हणजे पहिल्याला जे काम १० वॉटमध्ये होतं, त्यासाठी दुसऱ्याला ४० वॉट लागतात. शेजारी इम्पीडन्स लिहिलेला असतो. ४ ओहमचा स्पीकर असेल, तर अँपवर ४ ओहमची पॉवर दिलीय का, ते नक्की बघ. म्हणूनच स्पीकर ठरल्याशिवाय अँप ठरत नाही.

मग राहिला सोर्स. सीडीमध्ये सेकंदाला १,४११ किलोबिट माहिती असते. नेहमीच्या ब्लूटूथवरून पाठवताना त्यातली बरीच गाळली जाते. त्यामुळे बाबांच्या सीडी एकदा कॉम्प्युटरवर लॉसलेस फॉर्मॅटमध्ये उतरवून घे, आणि वायफाय किंवा वायरने वाजव. आणि वायर? दोन-तीन मीटरसाठी हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी २.५ स्क्वेअर एमएमची चांगली तांब्याची वायर पुरते. हजारोंची केबल कोणी गळ्यात मारत असेल, तर हसून 'नंतर बघू' म्हणायचं.

माझा हिशोब असा: एक लाख स्पीकरला, ५५ हजार अँपला, २० हजार सोर्सला, २५ हजार स्टँड, सतरंजी, पडदे आणि वायरला. 'हाय-एंड' हे किमतीचं नाव नाही मंडळी. साखळीत एकही कडी कच्ची राहिली नाही, की झालं हाय-एंड.

शेवटचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. हे बाबांना सरप्राइज देऊ नकोस. वय वाढतं तसं वरच्या पट्टीतलं ऐकू येणं कमी होतं. तुला जे चकचकीत, छान वाटेल, ते त्यांना वेगळंच ऐकू येईल. त्यांना दुकानात सोबत ने, आणि त्यांना पाठ असलेली सीडी घेऊन जा. दोन स्पीकर तुलनेला लावले की आवाजाची पातळी सारखी करून घ्या, मोबाइलवरचं डेसिबल मोजायचं अ‍ॅप चालेल. कारण जो किंचित मोठा वाजतो तोच चांगला वाटतो, हा कानाचा जुना भ्रम आहे. मग तानपुरा ऐका. जोडीच्या तारा वेगळ्या कळतात का? गायक श्वास घेतो ते ऐकू येतं का? डग्ग्याची मींड गोल येते की नुसती धप्प? अर्धा तास ऐकून डोकं चढत असेल, तर तो स्पीकर कितीही भारी असला तरी आपला नाही.

पण हे सगळं नंतर. आज रात्री फक्त ती टाळी वाजवून बघा, आणि तुमच्या खोलीने काय उत्तर दिलं ते रेकॉर्ड करून मला पाठवा. पुढच्या भागात त्या टाळ्या ऐकूया. भेटू!