फोटोच्या मागे नाव लिहा

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या मंचावर प्राध्यापक, कीर्तनकार, लेखक बोलतात. मी डिप्लोमावाला माणूस. राज्य सरकारच्या नोकरीत रस्ते, नाल्या आणि मोऱ्या मोजण्यात माझी वीस वर्षे गेली. मला बोलण्यापेक्षा मोजण्याची सवय जास्त. सुट्टीच्या दिवशी दुचाकी काढायची, डबा बांधून घ्यायचा आणि बिदर-कलबुर्गी भागात फिरून फोटो काढायचे हा माझा छंद. त्यावर बोला, असा मंडळाचा आग्रह झाला म्हणून उभा आहे.

आधी एक प्रश्न विचारतो. या सभागृहात रायगड पाहिलेले किती जण आहेत? बघा, निम्म्याहून जास्त हात वर आले. आनंद आहे. आता बहमनी सुलतानांच्या कबरींसाठी अष्टूरला किती जण गेलेत? चार, पाच... सहा. अष्टूर इथून तीन-साडेतीन किलोमीटरवर आहे. भाजीला जाऊन यावे इतके जवळ. आपण पाहुण्यांना स्टेशनवरून आणतो, भाकरी-पिठले खाऊ घालतो आणि 'आमच्याकडे पाहण्यासारखे काही नाही' म्हणून नरसोबाच्या झऱ्यावर नेऊन परत पाठवतो. आपली घराणी तीन-तीन, चार-चार पिढ्या इथे आहेत. 1956 साली राज्ये नव्याने आखली तेव्हा उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तिकडे गेले आणि आपण इकडे राहिलो. तेव्हापासून आपल्या मनात कुठेतरी एक पाय स्टँडवर आहे. ज्या गावात घर बांधले, ज्या गावाच्या मातीत वडील गेले, ते गाव आपण नीट पाहिलेलेच नाही.

पाहण्याची सुरुवात दगडापासून करू, कारण तो माझ्या धंद्याचा विषय. बिदरचे पठार वर जांभ्या दगडाचे आहे आणि त्याच्या खाली काळा दगड. कोकणातल्या पाहुण्यांना इथला किल्ला पाहून नवल वाटते, 'अरे, हा तर आमचा चिरा!' जांभा सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी तो पितो आणि खाली झिरपू देतो. खालचा थर ते पाणी अडवतो. मग पठाराच्या कडेला, जिथे दोन थर उघडे पडतात, तिथे पाणी बाहेर येते. नानक झिरा, नरसिंह झरणी, पापनाश ही आपली श्रद्धेची ठिकाणे अशा पाण्यावरची आहेत. श्रद्धा आपल्या जागी आहेच. पण पाणी कुठून येते हे कळल्यावर त्या ठिकाणी हात अधिक भक्तीने जोडले जातात, असा माझा अनुभव आहे.

नौबादची सुरंग बावी याच पाण्याची. जमिनीखालून खोदलेला बोगदा आणि त्यावर ठरावीक अंतराने उभ्या विहिरींसारखी तोंडे. ती तोंडे हवेसाठी आणि गाळ काढायला उतरण्यासाठी. बोगद्याला इतका हलका उतार की पाणी आपोआप वाहत यावे. पंप नाही, वीज नाही. ही विद्या इराणकडची, बहमनी काळात इथे आली. आज लेव्हल मशीन लावून नालीचा उतार काढताना आम्हाला घाम फुटतो. पाचशे वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटात तो उतार कोणी कसा धरला असेल, याचा विचार करीत मी तिथे तासभर बसलेलो आहे.

आता फोटोकडे येतो. पुष्कळ जण विचारतात, 'साहेब, कॅमेरा कोणता?' मोबाईल पुरतो. लागते ती वेळेची जाण. महमूद गवानच्या मदरशाचा दर्शनी भाग पूर्वेकडे आहे. तिथे सकाळी जा. कोवळे ऊन थेट मिनारावर पडते आणि निळ्या-पिवळ्या टाईल्स उजळतात. दुपारी गेलात तर भिंत काळपट दिसेल आणि तुम्ही म्हणाल, यात काय आहे? हा मदरसा 1472 चा. पुढे 1696 साली आत ठेवलेल्या दारूचा स्फोट होऊन एक मिनार आणि पुढची बाजू ढासळली असे सांगतात. उरलेल्या मिनारावर जिथे टाईल्स आहेत तिथून जिथे उडाल्या आहेत तिथपर्यंत नजर फिरवा. काय होते आणि किती गेले, हे एका फोटोत मावते.

पावसाळा संपत आला की किल्ल्यात जा. भिजलेला जांभा गडद तांबडा होतो, खंदकात हिरवे दाटते. तो खंदक खडकातच खोदलेला आहे, काही ठिकाणी तिहेरी. मधल्या खडकाच्या भिंती तशाच सोडल्या आहेत. रंगीन महालात काळ्या दगडात बसवलेले शिंपले आहेत. त्यांचा फोटो समोरून घेतला तर येत नाही. जरा बाजूला सरा, मान तिरकी करा, मग शिंपला चमकतो. आपल्या बिदरी कामाचेही तसेच. जस्त-तांब्याच्या धातूवर चांदीची तार, आणि वर किल्ल्यातल्या मातीने आणलेला काळा रंग. फ्लॅश मारला की सगळे पांढरे. खिडकीजवळ ठेवा, मऊ उजेडात काळ्यातून चांदी आपोआप वर येते.

अष्टूरला अहमदशहा वलीच्या कबरीत छतापर्यंत रंगकाम आहे. आत अंधार असतो. डोळे सरावेपर्यंत पाच मिनिटे नुसते उभे राहा. तिथे फ्लॅश कृपा करून नको, जुन्या रंगाला तो मानवत नाही. याच सुलतानाने राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला आणली. त्याच्या उरुसाला हिंदू आणि मुसलमान दोघेही येतात. शेजारी हुमायूनची कबर वीज पडून फुटलेली आहे. घुमटाचा निम्मा भाग गेल्यामुळे आतली जाडी, दगडांची मांडणी, सगळे दिसते. इंजिनिअरिंगच्या मुलांनी तर ती जरूर पाहावी. घुमटाचा छेद पुस्तकात काढतात, इथे तो खराखुरा उभा आहे.

आता थोडे लांब जाऊ. हुमनाबादजवळ जलसंगवीचे चालुक्यकालीन देऊळ आहे. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर एक शिल्प आहे. एक बाई उभी राहून दगडावर अक्षरे कोरते आहे, आणि ती अक्षरे खरी आहेत. विक्रमादित्य सहावा याचे गुणगान करणारा संस्कृत मजकूर तिने लिहिलेला आहे. हजारेक वर्षांपूर्वी या मातीत लिहिणाऱ्या बाईची मूर्ती घडवावीशी वाटली, हे आपल्या लेकींना नेऊन दाखवा. याच राजाच्या कल्याणात, म्हणजे आपल्या बसवकल्याणात, विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटण्यांवरून आपण कोर्टात भांडलो त्याचे मूळ इथे आहे, वकील मंडळी हसताहेत! तिथेच बसवेश्वरांनी अनुभव मंटप भरवला.

माणिकनगर तर आपल्या घरचे. 1817 ते 1865 हा माणिकप्रभूंचा काळ. त्यांनी मराठीत पदे केली, कन्नडमध्ये केली, हिंदुस्तानीतही केली. गाणगापूरची महती ज्या गुरुचरित्राने घराघरात नेली ते मराठीत लिहिणाऱ्या सरस्वती गंगाधरांची घरची भाषा कन्नड होती. म्हणून कोणी मला विचारले की तुम्ही इकडचे की तिकडचे, तर मी म्हणतो, आम्ही भीमा-अमरजेच्या संगमावरचे. तिथे पाणी वेगळे करून दाखवा, मग सांगतो.

कलबुर्गी जिल्ह्यात भीमेकाठी सन्नतीला चंद्रलांबा देवी आहे. इथल्या कितीतरी घरांचे ते कुलदैवत. 1986 साली त्या आवारातल्या काली मंदिराचे छत कोसळले. देवीच्या मूर्तीखालची शिळा उघडी पडली तर तिच्यावर सम्राट अशोकाचे आदेश कोरलेले निघाले. मूर्ती बसवण्यासाठी कधीकाळी कोणी त्यात खाचही पाडली होती. पुढे जवळच कनगनहळ्ळीच्या स्तूपात अशोकाचे शिल्प मिळाले, खाली ब्राह्मीत त्याचे नाव. ते नाव लिहिलेले होते म्हणून तो अशोक हे ठरले. नाव नसते तर तो कोणीतरी एक राजा झाला असता.

आजचा माझा खरा मुद्दा हाच आहे. आमच्या खात्यात काम झाले की फोटो काढतात. आता तर जीपीएस कॅमेरा सक्तीचा, फोटोवरच गाव, तारीख, अक्षांश-रेखांश छापून येते. कामाचे नाव नसेल तर तो फोटो बिलाला चालत नाही. हा नियम मी माझ्या छंदालाही लावला. नाव नसलेला फोटो बिलाला चालत नाही, तसा इतिहासालाही चालत नाही.

काही वर्षांपूर्वी भालकी तालुक्यातल्या एका गावी मी सर्व्हेला गेलो होतो. गावाबाहेर दगडी पायऱ्यांची एक विहीर होती, आत पिंपळ उगवलेला. मी फोटो घेतला. कडेला बसलेल्या एका आजोबांनी तिचे नाव सांगितले, ते नाव कोणत्या सुनेवरून पडले तेही सांगितले, आणि गावात लग्न झाले की जोडपे पहिल्यांदा तिथे पाया पडायला येई हेही सांगितले. मी डायरीत टिपून घेतले. दोन वर्षांनी परत गेलो तेव्हा विहीर बुजवून वर स्लॅब टाकलेला होता. मुले पडतील ही भीती खरी होती, गावकऱ्यांना मी दोष देत नाही. आजोबाही गेले होते. गावातल्या तरुण पोरांना विहिरीचे नाव विचारले, कोणाला माहीत नव्हते. आज ते नाव माझ्या डायरीतल्या दोन ओळींत आहे. मी ते त्या गावच्या शाळेला लिहून दिले, फोटोसह.

गावोगाव असे चालले आहे. वीरगळांवर ऑईल पेंट चढतो, भक्तीनेच चढतो, पण अक्षरे बुजतात. जुन्या देवळात चकचकीत टाईल्स बसतात. वाडे पडतात. थांबवणे प्रत्येक वेळी आपल्या हातात नसते. नोंद ठेवणे मात्र आहे. अफनासी निकितीन नावाचा एक रशियन व्यापारी 1470 च्या सुमारास बिदरला आला होता. त्याने लिहून ठेवले आहे की सुलतानाच्या वाड्याच्या दरवाजांवर येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावे टिपणारे कारकून बसत. आम्हा सरकारी नोकरांचेच पूर्वज ते! त्यांची दप्तरे गेली, पण त्या परक्या वाटसरूची वही राहिली. पुढे हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम यझदानी यांनी इथली एकेक इमारत मोजून, फोटो घेऊन, 1947 साली जाडजूड ग्रंथ काढला. आजही दुरुस्ती करताना तो उघडावा लागतो. मोठ्या इमारती त्यांनी नोंदवल्या. आपल्या खेड्यातली विहीर, पार, चावडी, वेशीवरचा मारुती कोण नोंदवणार? रशियातून पुन्हा कोणी येणार नाही.

म्हणून मंडळापुढे एक साधी सूचना ठेवतो. पुढच्या गणेशोत्सवापर्यंत प्रत्येक घराने एक जागा निवडावी. आपल्या मूळ गावची असेल तर उत्तम. फोटो मुलांनी काढायचा, नाव आजी-आजोबांनी सांगायचे. फोटोच्या मागे चार ओळी लिहायच्या: जागेला गावात काय म्हणतात, गाव-तालुका, तारीख, आणि माहिती कोणी सांगितली. नाव जसे बोलतात तसेच लिहा, कन्नड असेल तर कन्नड, दखनी असेल तर दखनी. आकाराचा अंदाज यावा म्हणून शेजारी एक फूटपट्टी किंवा माणूस उभा करा. शिलालेख असेल तर सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरक्या उन्हात घ्या, अक्षरे उठून दिसतात. वर खडू, तेल, पाणी काही लावू नका. गाभाऱ्यात, कबरीपाशी आधी विचारा. झऱ्यावर, संगमावर आया-बहिणी स्नान करीत असताना कॅमेरा खिशातच ठेवा.

मुलांना एक सांगतो. तुमच्यापैकी बरेच जण शिकायला पुण्याला, हैदराबादला, बंगळूरला जाल, आणि परत याल की नाही ठाऊक नाही. तिथे कोणी विचारले, 'तुझे गाव कोणते?' तर नुसते बिदर म्हणून थांबू नका. दोन फोटो दाखवा, त्यांची नावे सांगा. आणि ज्येष्ठ मंडळींना हात जोडून विनंती, तुमच्याजवळची नावे आमच्या स्वाधीन करा. ट्रंकेतले जुने फोटोही काढा आणि त्यात कोण उभे आहे ते मागे पेन्सिलीने लिहून ठेवा. उद्या विचारायला आम्ही येऊ, पण सांगायला तुम्ही हवे.

पुढच्या वर्षी या सभागृहाच्या चारही भिंती आपल्या गावांनी भरलेल्या बाप्पाला पाहू द्या. गणपती बाप्पा मोरया!