टाकाऊ प्लास्टिक, उत्प्रेरक आणि आपले कर्तव्य

(साखळी येथे ग्रामस्थ, अधिकारी व शिक्षक यांच्यासमोर केलेले भाषण)



पावसाळा सरला की वाळवंटीच्या काठच्या झुडपांना अडकलेल्या पिशव्या आपणां सर्वांच्या दृष्टीस पडतात. हा कचरा जाळून टाकला तर काय बिघडले, असे पुष्कळांना वाटते. परंतु उघड्यावर प्लास्टिक जाळल्याने निघणारा विषारी धूर प्रथम आपल्याच मुलाबाळांच्या छातीत जातो. मग उपाय कोणता?

भाताचा घास बराच वेळ चावला असता गोड लागू लागतो. भातातील पिष्ट म्हणजे साखरेच्या कणांची लांब माळ होय. लाळेतील विकर ती तोडते. जो पदार्थ स्वतः खर्ची न पडता रासायनिक क्रियेस वेग देतो, त्यास उत्प्रेरक म्हणतात. विकर हा त्यातलाच एक प्रकार. पॉलिथिन हीही अशीच एक माळ आहे. १९५३ साली जर्मनीतील कार्ल झिग्लर यांनी उत्प्रेरकाच्या साहाय्याने ती साध्या दाबाखाली गुंफून दाखविली. या क्षेत्रातील कार्याबद्दल १९६३ साली त्यांना इटलीच्या ज्यूलिओ नात्ता यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. आज दुसऱ्या प्रकारचे उत्प्रेरक तीच माळ तोडण्याच्या कामी येत आहेत.

बंद भट्टीत, हवेचा स्पर्श होऊ न देता, प्लास्टिक सुमारे ४०० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविले म्हणजे त्याची वाफ होते. ही वाफ झिओलाइटसारख्या सच्छिद्र उत्प्रेरकावरून नेऊन थंड केली असता इंधनयोग्य तेल मिळते. उरलेला वायू भट्टी तापविण्यास उपयोगी पडतो. नागपूरच्या प्राध्यापिका अलका झाडगावकर यांनी या शतकाच्या आरंभी या दिशेने प्रयत्न केले. डेहराडून येथील भारतीय पेट्रोलियम संस्थेत २०१९ साली दररोज १ टन प्लास्टिकपासून डिझेल बनविणारा प्रकल्प उभा राहिला.

मात्र ही काही जादूची कांडी नव्हे. माती व ओल यांमुळे भट्टीचा खर्च वाढतो. पीव्हीसीचे तुकडे मिसळले गेले तर हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होऊन यंत्र गंजते व उत्प्रेरक निकामी होतो. उत्प्रेरकावर काजळीही साचते. म्हणून जे प्लास्टिक वितळवून पुन्हा वापरता येते, ते या भट्टीत घालणे हा अपव्ययच होय. आणि मुळात वापर कमी करणे हा सर्वांत स्वस्त उपाय.

गोव्यात २०१६ साली साळगाव येथे घनकचरा प्रक्रिया प्रकल्प सुरू झाला. पुनर्वापरास न येणारा जळाऊ सुका कचरा राज्याबाहेरील सिमेंट कारखान्यांकडेही पाठविण्यात आला आहे. या साऱ्या मार्गांची पहिली पायरी एकच, ती म्हणजे घराच्या ओसरीवर होणारे वर्गीकरण. पिशवी धुऊन, वाळवून वेगळी ठेवावी. पाइपाचे व वायरीचे तुकडे तीत टाकू नयेत. शिक्षकांनी भाताच्या घासाचा प्रयोग वर्गात करून दाखवावा. पंचायत व पालिका यांच्या अधिकाऱ्यांनी वेगळा केलेला कचरा गाडीत पुन्हा एकत्र होणार नाही, याची दक्षता घ्यावी. कारण तसे एकदा जरी घडले, तरी गृहिणीचा विश्वास उडतो आणि तो परत आणणारा उत्प्रेरक कोणत्याही प्रयोगशाळेत मिळत नाही.