काठी हातात येण्याआधी

धानाची कापणी आटोपली की पूर्व विदर्भातल्या नवेगाव बांध, अर्जुनी, वडसा या पट्ट्यात झाडीपट्टीची नाटकं रात्रभर रंगतात. गायक नटाने तान लांबवली, तर ऑर्गनवाला त्याच्याकडे बघत सूर धरून ठेवतो आणि तबलजी समेवर त्याला गाठतो. ऑपेरात मात्र साठ-सत्तर वादक रंगमंचाखालच्या खड्ड्यात बसतात, बहुतेकांना गायक दिसतही नाहीत. म्हणून सगळ्यांना दिसेल असा, हातात काठी घेतलेला संगीत-संचालक, म्हणजे कंडक्टर, लागतो. समोर स्वरलिपी असताना तो कशाला, असं कुणी विचारेल. पण गायिकेचा श्वास आज कुठे संपेल, हे त्या कागदावर नसतं.

हे भान वादकांत बसूनच येतं, असं माझं ठाम मत आहे. कंडक्टर झुबिन मेहतांचंच घ्या. जन्म १९३६, मुंबई. वडील मेहली मेहता बॉम्बे सिम्फनीचे संस्थापक. मग वाट सोपीच होती, हा आक्षेप अर्धाच खरा. १९५४ साली ते व्हिएन्नाला गेले, हान्स स्वारोव्स्कींकडे संचालन शिकले आणि डबल बासही वाजवायला शिकले. १९५८ची लिव्हरपूलची स्पर्धा जिंकूनही हाती आलं ते सहायकपद! पुढे मॉन्ट्रिअल, लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क इथले ऑर्केस्ट्रा. म्युनिकच्या बव्हेरियन स्टेट ऑपेराची धुरा आली १९९८मध्ये, बासष्टाव्या वर्षी. ऑपेराचा कंडक्टर व्हायचं असेल, तर आपल्याकडच्या ऑर्गनवादक मुलाची निम्मी तयारी, गायकाला सांभाळण्याची, झालेलीच असते. पाश्चात्त्य स्वरलिपी आणि ऑर्केस्ट्रातलं एखादं वाद्य, एवढं त्याने आधी शिकायला घ्यावं.